साखर खाली येत नसेल तर काय करावे: सीमाभागातील नव्या मधुमेहींसाठी

मधुमेहाचे निदान होऊन काही महिने झाले, गोळ्या सुरू आहेत, चहातली साखरही बंद केली, तरी रिकाम्यापोटीची शुगर १८० च्या खाली यायला तयार नाही, अशी तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरोघरी ऐकू येते. अशा वेळी बरेच जण 'माझी शुगर तेवढीच राहते' असे म्हणून तपासणीच सोडून देतात, तर काही जण कोणीतरी सुचवलेला काढा सुरू करून गोळ्या बंद करतात. दोन्हींमुळे नुकसान होते, कारण चढी साखर बराच काळ दुखत नाही, खुपत नाही, आणि तेवढ्या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदय यांवर परिणाम होत राहतो. साखर सतत चढी राहण्यामागे बहुतेक वेळा शोधून काढता येईल असे कारण असते. ते क्रमाने कसे शोधावे आणि डॉक्टरांकडे काय घेऊन जावे, एवढेच येथे सांगायचे आहे. हे मार्गदर्शन टाइप टू मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. गर्भवती स्त्रियांनी आणि टाइप वन मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा.

वाट पाहायची नाही अशी लक्षणे

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना वेळ लागतो, म्हणून ज्याला वेळ देता येत नाही ते आधी लिहितो. साखर पुन्हा पुन्हा ३०० च्या वर येत असेल आणि त्यासोबत उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. वयस्कर माणसांमध्ये साखर काही दिवसांत चढत चढत ६०० च्या पुढे जाऊ शकते. त्यांना आधी खूप तहान आणि लघवी होते, मग अंगातले पाणी आटते, आणि शेवटी माणूस झोपूनच राहतो. घरच्यांना तो वयाचा अशक्तपणा वाटतो, पण ती जिवावर बेतणारी अवस्था असते. पायाची जखम काळी पडली, तिला वास येऊ लागला किंवा तिच्यासोबत ताप आला, तरीही तोच नियम लागू आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांतून पावसाळ्यात बाहेर पडणे किती कठीण होते हे तिथल्या लोकांना सांगायला नको, आणि म्हणूनच तिथे 'सकाळी बघू' हा विचार अधिक महागात पडतो.

पहिली पायरी: आकडे नीट समजून घेणे

रिकाम्यापोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर, अथवा एचबीएवनसी (ही रक्ततपासणी, तिच्याविषयी पुढच्या परिच्छेदात) ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक, हे निदानाचे आकडे आहेत, आणि लक्षणे स्पष्ट नसतील तर दुसऱ्या तपासणीने त्यांची खात्री करून घेतली जाते. उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांसाठी रिकाम्यापोटी ८० ते १३०, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीएवनसी सुमारे ७ टक्क्यांच्या आत, असे लक्ष्य ठेवले जाते. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत. फक्त एचबीएवनसी टक्क्यांत असते. वय खूप असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, अथवा साखर एकदम खाली जाण्याचा त्रास असेल, तर डॉक्टर हे लक्ष्य मुद्दाम सैल ठेवतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. आपले स्वतःचे लक्ष्य डॉक्टरांना विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

एचबीएवनसी ही साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी आहे. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांचे पथ्य या आकड्यावर फारसा परिणाम करू शकत नाही, आणि तेच त्याचे मोल आहे. मात्र लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल तर तो खोटाच जास्त येऊ शकतो, आणि रक्तस्राव होऊन गेला असेल किंवा रक्त दिले असेल तर कमी. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे इतके सर्रास आढळते की एचबीएवनसी आणि घरच्या नोंदी जुळत नसतील, तर हिमोग्लोबिन पाहावे का हे आवर्जून विचारावे.

दुसरी पायरी: मोजमाप खरे आहे ना?

ग्लुकोमीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत मागेपुढे येऊ शकतो, आणि तेवढा फरक दोष मानू नये. त्याहून मोठा फरक बहुतेक वेळा हाताळणीमुळे पडतो. गूळ फोडलेला, आंबा किंवा केळे सोललेला हात तसाच ठेवून बोट टोचले, तर बोटावरची साखरही मोजली जाते. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करावेत, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे, आणि थेंब येण्यासाठी बोट जोरात पिळू नये. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे, कारण खानापूरच्या पावसाळ्यात उघड्या डबीतल्या पट्ट्या दमटपणाने लवकर बिघडतात. डबीवरची मुदतही पाहावी.

पट्ट्या महाग असतात, म्हणून दिवसातून पाच वेळा तपासा असे मी सुचवणार नाही. एका आठवड्याची वही पुरेशी बोलकी होते. एका दिवशी नाश्त्याच्या आधी व दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आधी व दोन तासांनी, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाच्या आधी व नंतर, अशा जोड्या घ्याव्यात आणि आकड्याशेजारी काय खाल्ले, गोळी किती वाजता घेतली, चालणे झाले का, हे एका ओळीत लिहावे. जोडीने पाहिल्याचा फायदा असा की साखर रात्रभरच चढी आहे की एखाद्या ठरावीक जेवणानंतर उडी घेते, हे दिसून येते, आणि या दोन परिस्थितींचे उपचार वेगळे असतात. डॉक्टरांना 'शुगर वाढते' या वाक्यापेक्षा अशा वहीचे एक पान कितीतरी अधिक सांगते.

तिसरी पायरी: औषधे पोटात खरोखर काय जातात?

सीमाभागातली एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. अनेक घरांत आई-वडील गावाकडे आणि मुले कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याला, त्यामुळे एक डॉक्टर बेळगावचे आणि एक मिरजेचे किंवा कोल्हापूरचे, असे होऊन जाते. ओळखीच्या एका काकूंच्या औषधांच्या पिशवीत दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रंगांच्या पट्ट्या होत्या. मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचली तेव्हा दोन्हींमध्ये ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन हीच औषधे निघाली. दोन्ही घेतल्यावर हातपाय थरथरत, म्हणून एके दिवशी त्यांनी दोन्ही सोडून दिल्या, आणि मग साखर ३०० च्या पुढे गेली. औषधाचे नाव म्हणजे पट्टीवरचे मोठे रंगीत नाव नव्हे. त्याखाली छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मात्रा वहीत उतरवून घ्यावी, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पिशवी रिकामी न करता सगळ्या पट्ट्या सोबत न्याव्यात. एकाच डॉक्टरांकडे सलग उपचार चालू ठेवणे सर्वांत चांगले.

वेळेचेही महत्त्व आहे. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर लगेच घेतले की पोट कमी बिघडते, आणि पोट बिघडते म्हणूनच पुष्कळ जण ही गोळी गुपचूप बंद करतात. तसे झाले असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. सावकाश विरघळणारी गोळी किंवा कमी मात्रेपासून सुरुवात असे उपाय असतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या सहसा जेवणाआधी किंवा जेवणासोबत असतात, आणि त्या घेऊन जेवण टाळणे धोक्याचे असते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असताना उलट्या-जुलाब झाले किंवा अन्न जात नसेल, तर गोळी थांबवायची का हे लगेच फोन करून विचारावे, कारण या गटात साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोटावर रोज एकाच जागी सुई टोचली तर तिथे गाठीसारखा फुगीर भाग तयार होतो आणि त्यातून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. जागा बदलत राहावे, आणि हाताने चाचपून गाठी शोधाव्यात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या खणात ठेवावे; बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे उन्हापासून दूर, थंड जागी चालते, नेमकी मुदत पाकिटावर पाहावी.

चौथी पायरी: ताटाकडे पाहणे

येथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या भागात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, त्यामुळे 'साखर बंद, गूळ चालतो' ही समजूत खोलवर रुजली आहे. गुळात लोह वगैरे थोडे असले तरी रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो, आणि मधही तसाच. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे गूळ किंवा साखर, म्हणजे सुमारे ३५ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. चहा सोडण्याची गरज नाही, त्यातले गोड सोडावे. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते असा बहुतेकांचा अनुभव आहे.

दुसरा गैरसमज भाकरीचा आहे. ज्वारीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा किंवा पांढऱ्या भाताच्या ढिगापेक्षा निश्चितच बरी, तिच्यात तंतू आहेत, पण ती 'फुकटची' नाही. मध्यम आकाराच्या एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके मिळतात. जेवणात तीन भाकऱ्या, वर भाताची रास आणि भाजी मात्र चमचाभर, असे ताट असेल तर साखर वाढणारच. नाचणीचेही तेच, पातळ आंबील पिताना ती पटकन शोषली जाते. खानापूरकडे भात हेच मुख्य अन्न आहे आणि तो पूर्ण सोडा असे सांगणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी तो मोजून एक वाटी घ्यावा आणि ज्या जेवणात भात आहे त्यात भाकरी-चपाती घेऊ नये.

ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग उसळ, डाळ, अंडी, मासे किंवा चिकन यांचा आणि पाव भाग भाकरी किंवा भाताचा, ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे. बेळगावची भाजी गाड्या भरून गोव्याच्या बाजारात जाते, आणि आपल्याच ताटात ती तोंडी लावण्यापुरती राहते, याची मला खंत वाटते. गवार, दोडका, भेंडी, मेथी, वांगी, कोबी पोटभर खाव्यात. जेवताना आधी भाजी आणि उसळ, मग भाकरी-भात, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची उडी कमी होते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नाश्त्याचे पोहे, उप्पीट, इडली आणि संध्याकाळचे चिरमुरे-भडंग हे सगळे 'हलके' वाटतात, पण त्यांत बहुतांश पिष्टच असते. पोह्यांत मटार आणि शेंगदाणे वाढवून पोहेच निम्मे करावेत, इडल्या तीनऐवजी दोन आणि सांबारात डाळ-भाज्या भरपूर, असे बदल घरात टिकतात. एकादशीच्या साबुदाण्याबद्दल वेगळे सांगायला हवे: साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यामुळे खिचडीने साखर चढते, आणि गोळी घेऊन काहीच न खाल्ल्यास ती धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. वारकरी घरांत उपवास सोडणे मनाला पटत नाही हे मी समजू शकतो. म्हणून उपवासाच्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे, हे आधीच विचारून ठेवावे आणि ताक, दाणे, काकडी, थोडे वरीचे तांदूळ असा उपवास ठरवावा.

कुंदा, गोकाकचा करदंट, मांडे, गणपतीतले मोदक यांना आयुष्यातून हद्दपार करण्याची भाषा मी करणार नाही, कारण तसा निश्चय सहसा चतुर्थीपर्यंतच टिकतो. साखर आटोक्यात येईपर्यंत ते दूर ठेवावेत. नंतर एखाद्या सणाला लहानसा तुकडा, जेवणाच्या शेवटी आणि त्या जेवणातला भात वगळून. 'शुगर फ्री' असे लिहिलेल्या मिठाईतही खवा आणि पीठ असतेच.

जेवणानंतर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालावे. आठवड्याला एकूण किमान १५० मिनिटांचे भरभर चालणे हे ध्येय असले, तरी जेवणानंतरच्या या छोट्या फेऱ्यांनी साखरेवर होणारा परिणाम मीटरवर त्याच दिवशी पाहता येतो, आणि तो पाहिला की चालण्याची गोडी लागते. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के घटले तरी फरक पडतो. शेतात राबणाऱ्यांनी 'आमचा व्यायाम होतोच' असे म्हणून हा भाग सोडू नये, कारण हंगाम संपला की तेच हातपाय महिनोन्‌महिने विश्रांती घेतात आणि जेवण मात्र तेवढेच राहते.

पाचवी पायरी: लपलेली कारणे

मोजमाप बरोबर, गोळ्या वेळेवर, ताटही सुधारले, तरी साखर चढीच असेल तर दुसरीकडे पाहावे. दम्यासाठी, त्वचारोगासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेले स्टेरॉइड साखर झपाट्याने वाढवते. गुडघ्यात दिलेले इंजेक्शनही काही दिवस तसा परिणाम करते. लेबल नसलेल्या पुड्या आणि 'एका दिवसात दुखणे गायब' करणारी पावडर यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते; अशी पावडर चालू असेल तर ती लपवू नये आणि अचानक बंदही करू नये, डॉक्टरांना दाखवावी, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवण्यातही धोका असतो. हिरड्यांचा संसर्ग, लघवीची जळजळ, पायातली न भरणारी जखम, क्षयरोग यांनीही साखर चढते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी.

फक्त सकाळचीच साखर जास्त आणि दिवसभराची बरी, असे वहीत दिसले तर पहाटे यकृत रक्तात साखर सोडते हे त्याचे कारण असू शकते. रात्री न जेवता झोपल्याने ती कमी होत नाही. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवून पाहावे व बाकीचे डॉक्टरांवर सोपवावे. अपुरी झोप, मोठ्याने घोरणे, घरातली चिंता यांचाही वाटा असतो. विडी आणि तंबाखू सोडणे हा मुद्दा निपाणी परिसरात बोलणे अवघड आहे, तरी बोललाच पाहिजे: मधुमेहात धूम्रपान पायांच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान आणखी वाढवते.

सहावी पायरी: उपचार वाढवण्याची वेळ

टाइप टू मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची ताकद वर्षांगणिक कमी होत जाते. त्यामुळे सगळे पथ्य पाळूनही एक गोळी कालांतराने अपुरी पडणे हा रुग्णाचा गुन्हा नाही. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला गेला; साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे व मूत्रपिंडांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळल्या. म्हणून तीन महिने नीट प्रयत्न करूनही एचबीएवनसी लक्ष्याच्या वर असेल, तर 'अजून तीन महिने बघू' असे आपणहून म्हणू नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की औषध बदलायचे, वाढवायचे की दुसरे जोडायचे.

इन्सुलिनचे नाव काढले की घरात शेवटची अवस्था आल्यासारखे वातावरण होते. प्रत्यक्षात साखर फार चढलेली असताना ते काही काळासाठीही दिले जाते आणि नंतर कमी किंवा बंद करता येते. आजच्या सुया इतक्या बारीक आहेत की पहिल्या आठवड्यानंतर भीती बहुधा उरत नाही.

साखर खाली आणताना ती जास्त खाली जाऊ शकते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. थरथर, घाम, धडधड, अचानक चिडचिड किंवा गोंधळ झाल्यास तपासावे. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावे आणि मग जेवण द्यावे. तपासायला मीटर जवळ नसेल तरी साखर द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये; १०८ ला फोन करावा.

कोठे जावे आणि पुढचे वेळापत्रक

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि तालुका रुग्णालयांतील असंसर्गजन्य आजारांच्या विभागात साखर व रक्तदाब तपासला जातो आणि मेटफॉर्मिनसारखी नेहमीची औषधे मोफत मिळतात. बेळगावचे जिल्हा रुग्णालय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी, म्हणजे बिम्सशी, जोडलेले आहे. गुंतागुंत झाल्यास तिथे विविध विभाग एकाच आवारात आहेत. बाहेरून घ्यायची औषधे जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात, फक्त चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव लिहून मागावे. सरकारी दवाखान्यातल्या सूचना बहुधा कन्नडमध्ये असतात आणि बदलून आलेल्या डॉक्टरांना मराठी येईलच असे नाही. कन्नड नीट बोलणारे कोणी सोबत न्यावे आणि गोळी जेवणाआधी की नंतर, हे निघण्यापूर्वी दोनदा विचारून मराठीत लिहून घ्यावे.

लक्ष्य गाठेपर्यंत एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी आणि आकडा स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी करावी. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन (प्रथिन) व रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. रक्तदाब प्रत्येक भेटीत. पाय मात्र रोज रात्री घरीच पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा. रोपलावणीला चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांनी आणि सौंदत्तीच्या किंवा पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्यांनी बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत आणि नखांच्या कडेला बारकाईने पाहावे, आणि लहानसा फोड दिसला तरी तो न फोडता दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा.